साईज बहात्तर, रंग लाल

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून रागावर पूर्ण ताबा. शेजारच्या अंगदशी बोलणं बंद केलंय. शुक्रवारी त्याची कॉलर माझ्या हातात आली होती, म्हणून वकिलांनी सुचवलं की यापुढे जे काय ते ईमेलवर. विषय किरकोळ. आमच्या बाथरूमचा पाईप त्याच्या अंगणात सुटतो आणि तिथंच तो टेम्पो लावतो. पाणी आहे, उताराकडे जाणारच. कर्जतच्या कॉलेजात बत्तीस वर्षं क्लार्क होतो. लेखी व्यवहारात मला कोणी हरवलेलं नाही.

३ फेब्रुवारी.
अंगदचा मेल आला. तो सांगतो, त्याची मुलगी निकिता टाईप करते. अक्षर अतिशय बारीक. अपडेटच्या नावाखाली मेलच्या प्रोग्रॅमनं अक्षर लहान केलेलं दिसतंय. दमयंती म्हणते, डोळे तपासून घ्या. बायको आहे, बोलणारच. माझे वडील ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायचे. माऊस दोनदा टेबलावर आपटला. रागानं नाही, त्याचं चाक अडकत होतं. आता चाकच नाही.

४ फेब्रुवारी. दुपारी.
सेटिंग्जमध्ये फॉन्ट सापडला. साईज बारा होता, चोवीस केला, सेव्ह केला. अंगदचा मेल उघडला. तेवढाच बारीक. छत्तीस केला. तेवढाच. मी स्वतः लिहायला घेतलं की मात्र अक्षर टपोरं, सुरेख येतं. म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नाही. अंगद मुद्दाम बारीक लिहितो. मनात काळंबेरं असल्याशिवाय माणूस इतकं बारीक लिहीत नाही.

६ फेब्रुवारी.
साईज बहात्तर. बोल्ड. काळा फिका वाटत होता म्हणून रंग लाल. अंगदचा मेल जसाच्या तसा. कीबोर्डवर मूठ मारली, दोन बटणं उडाली. दमयंती म्हणाली, द्या इकडे, मी वाचते. नको म्हटलं. पत्रव्यवहार गोपनीय आहे.
शेवटी स्क्रीनला नाक लावून मीच वाचलं. रविवारी गवंडी घेऊन येतो, तुमचा पाईप आमच्या खर्चानं तोडू.
पदरचा खर्च करून तोडणार. किती द्वेष.

७ फेब्रुवारी.
उत्तर पाठवलं. संयमाचा नमुना. पाईपला हात लावताना आपल्या हातापायांना इजा होऊ नये, ही सदिच्छा. एकही शिवी नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
अंगद फाटकाशी आला. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, भाऊसाहेब, हे काय लिवलंय तुमी, पोरगी भ्याली ना. मला नुसतं लाल दिसलं. त्याच्या मोबाईलवर म्हणे एका वेळी एकच शब्द मावतो, आणि इजा या शब्दानं अख्खी स्क्रीन भरली होती. हा त्याच्या मोबाईलचा दोष. मी मोबाईल बाजूला सारला. सारताना जरा जोर लागला. भिंतीवर आपटून फुटला.
अंगदनं तुकडे गोळा करून खिशात टाकले. मग म्हणाला, ऱ्हाऊ द्या. उद्या तुमचं काम उरकून टाकतो, म्हंजी रोजची कटकट न्हाई.
दमयंतीच्या मते तो पाईपचं बोलत होता. ती भोळी आहे. माझं काम उरकतो म्हणाला, मी ऐकलंय.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.
मन शांत. पहार दाराशी ठेवलीय. केवळ आधार म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
डाव्या हातानं लिहितोय. उजवं मनगट मोडलं.
साडेनऊला अंगद आला. बरोबर राम गवंडी, टिकाव, घमेलं. टिकाव वर गेलेला दिसला. त्यानंतर मी केलं ते सगळं स्वसंरक्षण. पहार फिरवली, ती टेम्पोच्या काचेत घुसली. अंगदनं मनगट पिरगाळलं, मी त्याच्या दंडाला चावलो. त्यानं मला उचलून पाईपाखालच्या चिखलात आपटलं. मी त्याला पाय घालून पाडलं आणि छातीवर बसलो. डाव्या हाताशी अर्धी वीट आली. ती त्याच्या तोंडावर किती वेळा मारली, आठवत नाही. दोनदा असेल. दमयंती म्हणत होती, सोडा हो, मरेल तो. राम गवंड्यानं मला केसाला धरून बाजूला ओढलं. बनियन रक्तानं भिजलं होतं, त्यातलं बरंचसं माझं नव्हतं.
अंगदला थोडं खरचटलं असावं.

१० फेब्रुवारी, सोमवार.
पोलीस ठाणे. सत्यशीलाबाई नावाच्या हवालदार आहेत. त्यांनी अंगदचा मेल मोठ्यानं वाचला. तुमचा पाईप आमच्या खर्चानं जोडू. पुढे एक ओळ होती, गटाराला जोडला म्हंजी तुम्हालाबी बरं, आम्हालाबी बरं. ती मी वाचली नव्हती. राम गवंडी नवा पाईप घेऊन आला होता, तो टेम्पोत तसाच पडलाय.
बारीक अक्षरात ज आणि त सारखेच दिसतात, हे मी बाईंच्या निदर्शनास आणलं. त्यांनी माझ्या मेलची प्रिंट टेबलावर मांडली. सहा पानं, लाल. म्हणाल्या, हे आल्यावरबी तो मानूस पाईप जोडायला आला. मी म्हटलं, साईज वाचण्यासाठी वाढवला होता. त्या म्हणाल्या, ती सेटिंग तुमी पाठवायच्या मेलची हाय. आलेला मेल मोठा करायचं बटन येगळं असतं.
हे कॉम्प्युटर घेताना कोणी सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
अंगदला केस नको आहे. तडजोडीचा कागद घेऊन दमयंती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत तिनं चष्मा विकत घेतला. मी खिशात ठेवला.
अंगद कॉटवर बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी. डावा सुजून मिटलेला. निकितानं माझ्याकडे पाठ केली. मी म्हटलं, इथं सही करायची. तो म्हणाला, भाऊसाहेब, काय लिवलंय ते वाचा की, मला दिसंना. डाव्याची सूज उतरंल. उजव्याचं डॉक्टर काय बोलत न्हाईत.
दमयंती म्हणाली, वाचा.
चष्मा लावला. पूर्ण दीड पान वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. अंगदनं विचारलं, अक्षर लागंना का.
अक्षर बारीक होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं.