सातवं पातं ताईला

आधी कबुली, मग वाटणी. अनुदानाचे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी मामाची पवनचक्की वाऱ्यानं फिरली नव्हती. मी फिरवली होती.

हे लिहिणारा मी, वय तेवीस, आठवीत शाळेनं सोडलेला, पूर्ण शुद्धीवर आहे. कुणी धाक घातलेला नाही. बिघाड डोक्यात नाही, छातीत आहे. उद्या डॉक्टर ती उघडणार. परत शिवायची वेळ आलीच नाही, तर हे ताईनं, म्हणजे मामाच्या मुलीनं, एकटीनं वाचायचं.

कलम एक. माझ्या खाटेखालच्या डब्यात शिलाई मशीनची मोटर आहे. ती मामीची. तीन वर्षं ती दुरुस्तीवाल्याला चोर म्हणतेय. मोटर सापडली म्हणून तिला दे, आणि त्या बिचाऱ्याला माझी सायकल.

ती मोटर मी आदल्या दिवशी चक्कीला पट्ट्यानं जोडली होती. खरं तर वारा नसताना मध्येच फिरवून मामाचीच फजिती करायला. पण साहेब आले आणि वारा पडला. साहेब सारखे घड्याळ बघत होते, मामाचं तोंड एवढंसं झालं. मी गच्चीवरच्या संडासात जाऊन मोटरचं लपवलेलं बटण दाबलं. पाती फिरली, बल्ब लागला.

"इतक्या मंद वाऱ्यात?" साहेब म्हणाले.

मामा नाचला गं. पन्नाशीचा माणूस, गच्चीवर, साहेबांचा हात धरून!

अनुदान मिळालं. अट एकच: पाच वर्षं मंजूर नमुन्यातला स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. तो नमुना म्हणजे मामाच्या प्रयोगांतलं सहावं पातं. सातवं पातं तेव्हा टेबलावर अर्धं तासलेलं पडलं होतं, आणि मंद वाऱ्यात खरोखर फिरणारं तेच. त्याची वीतभर छोटी चक्की मामानं आधी करून बघितली होती. मी नुसती फुंकर मारली की गरकन फिरायची.

मामानं सातवं माळ्यावर टाकलं. "अनुदानामुळं सहावं अर्ध्या किमतीत जातंय. सातवं पूर्ण पैसे मोजून कोण घेणार?" आता मामाच्या कारखान्यात बारा कामगार सहावंच करतात. जोराचा वारा असला तर फिरतं, नाहीतर कावळ्यांची सोय.

तेव्हापासून मामा रोज गच्चीवर जातो, बोट ओलं करून वर धरतो.

"त्या दिवशी फिरलं होतं ना रे? तू होतास ना?"

"होतो की, मामा."

"मग माझ्याच हातानं काहीतरी बिघडलं."

हे मी तीन वर्षं ऐकतोय. हृदयाला भोक कशानं पडलं ते डॉक्टरांना कळत नाही. मला कळतं.

कलम दोन. माझी रबरी पाल कारखान्यातल्या हिशेबनीस बाईंच्या खणात ठेवायची. आठवण म्हणून.

कलम तीन. माझा रंधा, पटाशा, ती छोटी चक्की आणि बँकेत जे काय असेल ते ताईला, एकाच कामासाठी. सातवं पुरं कर. अनुदान मागू नकोस, नाहीतर तेही तिथंच थिजेल. मग वारा पडलेल्या एखाद्या सकाळी मामाला गच्चीवर ने. संडासाचं दार उघडं ठेव, आत कुणी नको.

साक्षीदार: शेजारच्या खाटेवरचे पेन्शनर आणि वॉर्डातल्या मावशी. दोघांनी माझी सही बघितली, आतलं वाचलं नाही. पेन्शनरांचा चष्मा माझ्या उशीखाली आहे, देतो परत.

ठिकाण: वॉर्ड तीन, खिडकीची खाट.
तारीख: सतरा, मंगळवार. ऑपरेशन उद्या.
सही: (वाकडी आलीय, पण माझीच आहे.)

ताई, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. मामाला तर नकोच. सातवं फिरलं की तो स्वतःच्या हातांना माफ करेल. पण तो नाचला होता गं. तेवढी एक सकाळ राहू दे त्याच्याकडे.