निनोची स्कूटर आणि कावळ्याची परवानगी

तीर्थस्वरूप दादांस,

पंचवटीहून मैनाचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? (तेल चोळून बरा होईल म्हणणाऱ्या शेजारणीचं ऐकू नका, तिचा स्वतःचा अजून दुखतो.) इकडे आम्ही खुशाल, आणि माडीवरची निनो तर आता स्कूटरची मालकीण! ते कसं घडलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, ही जॉर्जिया देशाची पोर तुमच्या दिंडोरीकडच्या वायनरीत वाईन करायला आली आणि माझी भाडेकरू झाली. काळीपिवळी जीप भरेल तेव्हा निघणार, म्हणजे ही रोज उशिरा. शेवटी साहेबांनी मुदत घालून सांगितलं, वेळेवर ये नाहीतर दिंडोरीतच राहायला ये. म्हणजे पंचाईत माझी. पोरं पुण्याला, हे पेपरात डोकं घालून. संध्याकाळी माझ्याशी बोलतं कोण, तर निनो. तेव्हा स्कूटर तिला हवी होती, पण गरज मला होती.

पोरगी हुशार. लायसन्सच्या परीक्षेत पाय न टेकता आठचा आकडा काढला. (यांनी त्याच आठात तीनदा पाय टेकले होते, वहिनींना सांगितलंत तरी चालेल.) शोरूममधल्या दीपकने पासपोर्ट, व्हिसा, पोलिसांकडची नोंद, काय काय मागितलं, तिने सगळं जागच्या जागी काढून दिलं. अडलं ते आमच्यामुळे! भाडेकरार उन्हाळ्यातच संपलेला. "घरच्यासारखी आहे, करार कशाला?" असं हे म्हणाले होते. आता घरच्यासारखीला पत्त्याचा पुरावा कोण देणार? यांच्या मागे लागून नवा करार करून घेईपर्यंत पितृपक्ष लागला.

पितृपक्षात नवी गाडी! मी म्हटलं, सर्वपित्री अमावास्या होऊ दे, पितर कोपतात. पण साहेबांनी दिलेली मुदत त्याआधीच संपत होती. दुसरी कुणी असती तर मला हसली असती. ही म्हणाली, "ताई, मग पितरांनाच विचारू." वडील गेलेले, भाऊ नाही. गेलो रामकुंडावर. गुरुजी म्हणाले, "मुलगा नाही तर लेक करील," आणि गोत्र विचारलं. गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप, म्हणून जॉर्जियातले तिचे वडील काश्यपगोत्री झाले. घास ठेवला, तर कावळा शिवेना. बाकीच्यांच्या पानांवर झुंबड आणि आमच्याकडे पाठ. गुरुजी म्हणाले, "त्यांच्या मनात काय राहिलं असेल ते बोला." निनोने डोळे मिटले, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि कावळा झेपावला ना! काय बोललीस म्हणून विचारलं तर म्हणते, "बाबांना दुचाकीची भीती वाटायची. हेल्मेट रोज घालीन म्हटलं." दादा, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्यातले किती जण पितरांचं एवढं मनावर घेतात? (हेल्मेटच्या बाबतीत हे तर जित्या बायकोचंही ऐकत नाहीत.)

गाडी आली. चाकाखाली लिंबू मी ठेवलं, नारळ तिने फोडला, एका फटक्यात. पुढे तिच्या नावाची नोंद होऊन नंबराची पाटीही लागली. आता ती सगळ्यांच्या आधी कामावर हजर आणि दिवेलागणीला माझ्या ओट्यावर. अशी लेक दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
मैना

ता. क. : गणपतीत तुम्ही निनोला म्हणाला होतात, आमची वरची खोली रिकामी आहे, वायनरी तिथून हाकेच्या अंतरावर. दादा, ती खोली रिकामी ठेवू नका. कांदे भरा. पत्राचं कारण एवढंच.

पुन्हा ता. क. : कुणाला काय लिहितेस म्हणून निनोने विचारलं, आणि मला काही खोटं बोलता येईना. हसत सुटली. म्हणाली, "दादांना मी तेव्हाच नाही म्हटलं. खोली तिकडे आहे, पण मैनाताई इकडे." हे तुम्ही मला सांगितलं का नाही? आज इतक्या दिवसांनी पोटभर जेवले. तरी कांदे भराच.