गाली म्हणजे वारा

प्रिय दिव्यानी,

तुझ्या बाबांना जाऊन येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. त्या दुपारी तू पुण्यात होतीस, म्हणून तुला जे कळलं ते तुझ्या आईकडून कळलं : वहिनीच्या आईनं मरत्या माणसाला शिव्या दिल्या. मी तेव्हा गप्प राहिले. घरात सुतक असताना खरंखोटं कोण करत बसणार? आज मात्र सगळं लिहिते आहे. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

माझी अम्मा तेव्हा सिरोंच्याहून आपल्या शेतातल्या मिरच्या घेऊन पाहुणी आली होती. तिला मराठी येत नव्हतं, तुझ्या आईला तेलुगू येत नव्हतं. तरी दोघी विहिणी ओसरीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. तुझी आई म्हणायची, "विहीणबाई बोलत नाई, पन हात कसा चालते पाहा!" मला वाटायचं, या दोघींना माझी गरजच नाही.

त्या दुपारी लाईट गेली होती, कूलर बंद. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाबा जेवून उठले आणि उंबऱ्यातच कोसळले. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. तुझी आई ओरडली, "प्रवीण, बाबाच्या अंगावरून वारं गेलं रे! दारं लावा, खिडक्या लावा, हवा लागू देऊ नका!" प्रवीण आणि मी गाडी पाहायला रस्त्याकडे धावलो. तेवढ्यात शेजारपाजार आत शिरला. बंद खोलीत माणसांची ही गर्दी, आणि मध्ये बाबांचा श्वास घरघरतोय. अम्माला ते पाहवेना. लोकांना हातानं मागं सारत ती ओरडू लागली, "गाली! गाली!"

तेलुगूत गाली म्हणजे वारा, हवा. ती बाबांसाठी हवा मागत होती, दिव्यानी. पण तुझ्या आईला ऐकू आली ती आपल्याकडची गाली. "मानूस मरून राह्यला अन् हे बाई गाली देऊन राह्यली!" असं म्हणत तिनं अम्माला दंडाला धरून अंगणात काढलं, अख्ख्या मोहल्ल्यासमोर. मी गाडी घेऊन आले तेव्हा अम्मा उन्हात अनवाणी उभी होती. मी काय विचारणार? बाबांना गाडीत घातलं आणि चंद्रपूरला निघालो. तिथून ते परत आले नाहीत. अम्मा तिची पिशवीही न घेता एकटी बसनं सिरोंच्याला गेली.

घरात काय घडलं ते मला नंतर शेजारणींकडून कळलं, आणि तेरवी झाल्यावर मी तुझ्या आईला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. ती पदर चुरगाळू लागली. मग म्हणाली, "आता कोन्या तोंडानं जाऊ?" फोन लावून देते म्हटलं, तर म्हणे फोनवर मी काय बोलू, तिले समजन काय? मी सांगते ना, म्हटलं. तर म्हणाली, "माफी काय सुनेच्या तोंडून मागाव?" मग धान निघालं की जाऊ, मग वर्षश्राद्ध झालं की जाऊ, मग पावसानं रस्ता बंद. जाणं राहून गेलं. मागच्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि अम्माच गेली.

या वेळी तुझी आई माझ्याआधी गाडीत जाऊन बसली. सिरोंच्याला अंगणात पाय ठेवला, तर बायकांनी तिच्या पायावर पाणी घातलं, खाट टाकली. अम्मानं गावात सांगितलं होतं, विहीण फार मायाळू, निघताना ओटी भरली, बसपर्यंत पोचवायला आली. मी ते मराठीत सांगितलं आणि तुझी आई उभीच राहिली. "मी असं काई नाई केलं! मी तिले हाताले धरून घराबाहेर काढलं. सांग या बायकायले, ज्योत्स्ना!" ती छाती पिटून सांगत होती आणि बायकांना वाटलं, विहिणीसाठी केवढी रडते आहे. एकीनं पाणी आणलं, एकीनं पाठीवरून हात फिरवला. मी काहीच सांगितलं नाही. अम्मानं जे झाकून ठेवलं होतं, ते मी कसं उघडं करू?

परवा तू मेसेज केलास की वहिनी, तू माझ्या आईला परक्या गावी वाऱ्यावर सोडून आलीस. म्हणून हे पत्र. मी तिला सोडलेलं नाही, तिनंच यायला नकार दिला. माझ्या वडिलांना, नानांना, आता दिसत नाही आणि अम्माच्या शेतातली मिरची लाल होऊन उभी आहे. तुझी आई सकाळी तोडणीला जाते, आल्यावर नानांचं ताट वाढते. रोज संध्याकाळी मला फोन करून एकेक शब्द विचारते : हात कशाले म्हनते, अंगन कशाले म्हनते, चूक कशाले म्हनते. त्या दुपारचं सगळं तिला स्वतःच्या तोंडानं नानांना सांगायचं आहे. मी सांगू का विचारलं, तर नाही म्हणाली. तू गाडी घेऊन तिला आणायला निघणार आहेस असं प्रवीण म्हणाला. थांब गं. तेवढे शब्द जमेपर्यंत तिला तिथे राहू दे.

तुझीच,
ज्योत्स्ना वहिनी