मूळ रॉड, नवा टर्बो आणि माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, धंद्याने इंजिन उघडणारी आणि बहुतेक वेळा परत बसवणारी, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या घरात दबाव फक्त एका इंजिनात आहे आणि तो गरजेपेक्षा जास्त आहे.

कारण असे की माझ्या थोरल्या भावाने आईच्या गाडीला टर्बो बसवला आहे. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. आतले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मात्र कारखान्यातून आले तेच आहेत. दादा म्हणतो, कंपनीवाले सगळे गरजेपेक्षा दणकट करतात, झेपेल. मी म्हणते, झेपेल, पण किती? उद्या सकाळी तो चढावर गाडी पूर्ण जोराने पळवून बघणार आहे. शेजारी मी बसणार, कारण मी नसले तर बूस्टच्या, म्हणजे कोंबलेल्या हवेच्या दाबाच्या, मीटरकडे कोणी बघणार नाही.

१. माझा टॉर्क रेंच दादाला द्यावा. नट नेमका किती आवळायचा ते सांगणारा हा पाना तो कधीपासून मागतो आहे. अट एवढीच की काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सैल करून ठेवावी. तो ठेवणार नाही, हे माहीत असूनही लिहिते.

२. गॅरेजवरची माझी खोली आईला. गाडी धड परत येईल याची हमी मी देऊ शकत नाही. टर्बोचे तिला अजून कोणी सांगितलेले नाही. शिट्टी कसली वाजते असे तिने विचारले, तेव्हा दादा म्हणाला, वारा. हे कळल्यावर तिला येणारा राग संपूर्णपणे दादाला मिळावा. त्यात माझा हिस्सा नको.

३. फीलर गेज आत्याला परत करावे. मला शाळेत उशिरा घातले. तोवरचे शिक्षण आत्याच्या कामाच्या टेबलाशी झाले, फटी मोजायच्या या पातळ पात्यांवर मी अपूर्णांक शिकले. शाळेत बाईंनी सर्वांत लहान संख्या विचारली तेव्हा मी पाच शतांश मिलिमीटर म्हणाले आणि बाकावर उभी राहिले.

काल आम्ही आत्यालाच निवाडा करायला सांगितला. तिने बॉनेटवर कान ठेवून इंजिन ऐकले.

"थोडा बूस्ट मूळ रॉड निमूट सोसतात," ती म्हणाली. "पण पेट्रोल कमी पडून नॉकिंग सुरू झालं, आत अवेळी भडके उडायला लागले, की पिस्टन गोळा करायला झाडू घेऊन बसा."

दादाने पहिले वाक्य तेवढे ऐकले.

४. माझ्या बचतीतून मूळच्यापेक्षा दणकट असे घडीव रॉड आणि पिस्टन घ्यावेत, दुसरे काही नाही. मागे दादाने ब्रेकसाठी म्हणून पैसे नेले आणि स्टिअरिंगला चामड्याचे कव्हर आणले. कव्हर धरून गाडी थांबत नाही, हे मी तेव्हाही सांगितले होते.

५. मी शूर होते असे कोणी म्हणू नये. मी भिते. हवे तर, तिने आधीच सांगितले होते, असे म्हणावे. दोनदा म्हटले तरी चालेल.

साक्षीदारांविषयी: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करायची नसते, केली तर त्याचा हिस्सा जातो, असे मी वाचले आहे. आत्याला तिचेच गेज परत मिळते आहे, म्हणून ती चालते. दुसरे साक्षीदार शेजारचे पंक्चरवाले काका होते, पण ते दुकान बंद करून जेवायला गेले. एवढ्यात दादा वर आला, उभ्याउभ्या सगळे वाचले आणि पेन मागितले.

"सही केलीस तर पाना गेला तुझा," मी म्हणाले.

"जाऊ दे. तूच वापर, मला कुठे स्प्रिंग सैल करायची आठवण राहते."

स्थळ: गॅरेजवरची खोली
दिनांक: चाचणीच्या आदल्या दिवसाचा, दुपार

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: आत्या. माझ्यासमोर सही झाली. पाती पुसून परत कर.

साक्षीदार २: दादा. माझ्यासमोर सही झाली. बूस्ट निम्म्यावर आणला आहे, खाली येऊन मीटर बघ. आईला मी आजच सांगतो, पण तू शेजारी उभी राहा.