एडनाचा परित्याग

प्रिय नेव्हिल,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतोस, म्हणून लिहितेय. कागदावर तरी मध्येच तोडता येत नाही. गेला आठवडा माझा नुसता चिडण्यात गेला आहे आणि त्यातली बरीचशी चीड तुझ्या वाट्याची आहे.

आपल्या चॅपलच्या दीडशे वर्षांची पुस्तिका छापून आली. कागद छान, मुखपृष्ठावरचा फोटोही झकास. आपल्या घरावरचा परिच्छेद मी लिहिला होता, हे तुला ठाऊक आहे. आई आपल्या दोघांना घेऊन डोरीन मावशीच्या दारात उभी राहिली, चॅपलच्या बायकांनी आपल्यासाठी अंथरुणं आणि बूट गोळा केले, आईला गिरणीत काम मिळवून दिलं, असं सगळं. त्याची सुरुवात मी केली होती ती अशी : ‘एडना सग्डेनचा परित्याग, तिच्या नवऱ्याकडून, झाला तेव्हा...’ आणि छापून काय आलं? ‘एडना सग्डेनच्या परित्यागानंतर.’ बस्स. नवराच गायब!

एवढ्याशा शब्दांचं काय घेऊन बसलीस, असं तू म्हणणार. पण मी जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं रे. आपल्या इंग्रजीत आधी माणसाचं नाव येतं, मग ती गोष्ट, आणि कोणी केलं, कोणाला केलं हे शेपटासारखं मागून चिकटतं. शेपूट छाटलं तरी वाक्य धडधाकट दिसतं, हीच तर सगळी गोची. ‘मॅनेजरची हकालपट्टी’ असं फळ्यावर लिहून मी विचारायचे, कोणी कोणाला हाकललं? अर्धा वर्ग ओरडायचा, मॅनेजरने! अर्धा ओरडायचा, मॅनेजरला! दोन्ही उत्तरं बरोबर. आता अख्खं गाव माझ्या त्या वर्गासारखं झालं आहे. खाटकाच्या दुकानात रांगेत उभी होते, तर जीन पोगसन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “अगं हिलरी, म्हणजे तुझी आई पळाली होती होय? आम्ही इतकी वर्षं तुझ्या बापाला शिव्या घालत बसलो!” मी सॉसेज तिथेच टाकून बाहेर पडले.

तडक बेरिल क्रॅबट्रीच्या घरी गेले. पुस्तिकेच्या समितीची अध्यक्ष झाल्यापासून ती दार उघडतानासुद्धा भाषणाला उभी राहिल्यासारखी उघडते. तिला अर्थ समजावून सांगितला. ती म्हणाली, “फार बारीक बघतेस तू. वाचणाऱ्याला कळतं सगळं.” मी म्हटलं, वाचणाऱ्याला उलटंच कळलंय, जीनला विचार. तिने चहा ओतला, आल्याचा केक पुढे केला आणि मग जरा चाचरत म्हणाली, “हे बघ, मला मध्ये घालू नकोस. छपाईआधी तारखा तपासायला कच्ची प्रत तुझ्या भावाकडे गेली होती. ‘नवऱ्याकडून’ हे शब्द त्यानेच काढायला लावले. नको ते उकरू नका, म्हणाला.”

नेव्हिल, त्या क्षणी तू समोर असतास तर तो केक मी तुला फेकून मारला असता. बापाची अब्रू झाकायला तू आईची उघड्यावर टाकलीस! सख्ख्या आईची! घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुला लिहायचं पत्र तयार झालं होतं, आणि ते हे नव्हतं.

पण आधी आईला गाठायला हवं होतं, कोणी दुसऱ्याने तिला ते दाखवण्याआधी. वृद्धाश्रमात पोचले तर ती खिडकीशी भिंग घेऊन बसलेली, मांडीवर पुस्तिका उघडी. मी धापा टाकत म्हटलं, आई, छापणाऱ्यांनी चूक केलीय, मी दुरुस्त करून घेते. तिने भिंग खाली ठेवलं. “चूक कसली? बरोबर आहे की. मीच सोडलं त्याला.”

मला वाटलं, तिचा काहीतरी गोंधळ झालाय. पण ती अगदी स्वच्छ बोलत होती. “तो रेल्वेच्या सिग्नलवर कामाला गेला आणि मी तुम्हाला घेऊन बस पकडली. तू झोपली होतीस. नेव्हिल टक्क जागा होता.” मी विचारलं, मारायचे का बाबा? “छे गं, क्लिफर्डने बोटसुद्धा लावलं नाही कधी. बोलायचाच नाही तो. माझ्याशी नाही, भिंतीशी नाही. त्या घरात मी वेडी झाले असते. पण नवऱ्याला टाकून आलेल्या बाईच्या पोरांना चॅपलवाल्या बूट देतात का? डोरीन म्हणाली, त्यानेच टाकलं असं सांग. सांगितलं.” मग बाबा एका रविवारी चॅपलच्या दारात आले. तिथल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने सगळ्यांदेखत त्यांना झापलं, “बायकापोरांना वाऱ्यावर सोडून आता तोंड दाखवायला आलास?” आई म्हणाली, “त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. एक अक्षर बोलला नाही. नेव्हिलने माझा हात धरला होता, आणि तो त्याने सोडून दिला.”

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. ते शब्द काढलेस, कारण ते खोटे होते. पण खरे शब्द घालायचीही तुझी छाती झाली नाही. ठेवलंस ते असं वाक्य, की ज्याने त्याने हवा तो अर्थ घ्यावा. मी मात्र सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत एका माणसाचा तिरस्कार करत राहिले, आणि तू माझ्या समोर बसून चहा पीत राहिलास. एकदा तरी सांगायचंस रे. मी लहान होते, पण कायमची लहान नव्हते.

आता हे पत्र का, ते सांगते. माफी मागवून घ्यायला नाही. मी निघताना आई म्हणाली, “क्लिफर्ड वारला तेव्हा नेव्हिल रग्बीचा सामना बघायला म्हणून गेला होता. आल्यावर मी विचारलं, कोण जिंकलं? त्याला सांगता येईना. तो कुठे जाऊन आला ते मला कळलं होतं.” मग ती म्हणाली, “मला त्याच्यापाशी घेऊन चला. बोलायचं आहे.” ग्रिम्सबीच्या दफनभूमीत बाबा नेमके कुठे आहेत हे तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. शनिवारी गाडी घेऊन ये. आई पुढे बसेल, तुझ्या शेजारी. मी मागे बसेन आणि तिथे पोचेपर्यंत तुला एक शब्द बोलणार नाही. परतताना बोलेन.

अजून रागावलेली, पण तुझीच,
हिलरी