हौसाच्या कागदावरची सही

॥ श्री ॥
कोल्हापूर,
१२ जून १९७४

ती. आक्कास,
त्र्यंबकचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी वेळेवर जेवतो का, हा नेहमीचा प्रश्नही पोचला. जेवतो. कुमुद गेली आणि मी विधुर झालो, त्याला तीन वर्षं झाली, तरी तू दर पत्रात एक स्वयंपाकाची बाई सुचवतेस. कुरुंदवाडात एवढ्या सुगरणी रिकाम्या बसल्यात, हे ऐकून बरं वाटतं.

इथलं काय सांगू? लग्नाकार्यात लोक मला लांबूनच नमस्कार करतात. प्रेतं उघडणाऱ्याचा हात हातात कोण घेणार? पण दाखल्यावर सही हवी असली की तोच हात सोन्याचा होतो.

परवा बावड्याच्या पुढच्या एका मळ्यातून विहिरीत सापडलेली बाई आणली. आनसा नाव, वय एकवीस. नवरा सयाजी, मोठा बागायतदार. फौजदार त्याच्यापुढे असे वाकत होते, की मला वाटलं यांचं काही खाली पडलंय. पंचनामा त्यांनी आधीच लिहून आणला होता : पाणी शेंदताना पाय घसरला. मी विचारलं, साहेब, तुम्हाला एवढं सगळं बघून कळतं, तर सरकार मला कशाला पोसतं? ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आक्का, त्या पोरीच्या फुफ्फुसांत पाणी नव्हतं. गळ्याच्या आतलं एक नाजूक हाड मोडलं होतं. पाण्यात पडण्याआधीच तिचा श्वास कोणीतरी बंद केला होता. आमच्या शवागारातल्या गुंडूनं ते आधी पाहिलं आणि मला दाखवलं. अहवाल मी अजून लिहिलेला नाही. दोन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसलोय.

सयाजीची पहिली बायकोही विहिरीत पडूनच गेली म्हणे.

तब्येतीला जप. रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाड.

तुझा,
त्र्यंबक

॥ श्री ॥
कुरुंदवाड,
१६ जून १९७४

चि. त्र्यंबक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘म्हणे’? मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवते आहे. जे आपण स्वतः पाहिलेलं नाही, तिथं ‘म्हणे’ लावतात. तेव्हा तू शब्द अगदी बरोबर वापरलास, शंभरपैकी शंभर गुण. तू ते प्रेत पाहिलंच नसशील.

सयाजीच्या पहिल्या बायकोचं नाव हौसा. आमच्या तानाबाईची लेक, माझ्या शाळेत सातवीपर्यंत होती. शुद्धलेखनाच्या नावानं शून्य, पण कृष्णा दुथडी भरून चालली की ही पैलतीराला जाऊन काकड्या खाऊन परत यायची. तिला नदीबाहेर काढायला मीच दोनदा छडी घेऊन घाटावर गेले होते. ती पोर तुमच्या बावड्याच्या विहिरीत बुडाली! एवढीशी विहीर, पायऱ्यांची. सरकारी कागद म्हणतो, पाय घसरला. पाय घसरल्यावर माणूस पोहायचं विसरतं, हे वैद्यकात केव्हापासून शिकवायला लागले?

तो कागद मी तीन वर्षांपूर्वीच वाचला आहे. खाली सही कोणाची, हे मी तुला सांगायला नको. तू आपणहून बोलशील म्हणून थांबले. तुला खानावळीच्या भाकरीवर बोलायला शाई पुरते, यावर पुरली नाही.

आपल्या वडिलांनी स्वतःची आजारपणं अंगावर काढून तुला डॉक्टर केलं. ते आज नाहीत, हे एका परीनं बरंच आहे.

आशीर्वाद आहेत, कारण ते परत घेण्याची रीत नाही.

आक्का

कोल्हापूर,
२२ जून १९७४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते खरं. मी दारात उभा होतो. नाकाला रुमाल लावून, चौकटीच्या बाहेर. आत गुंडू एकटा होता. तो म्हणाला होता, सायेब, जरा गळा बघा की. मी म्हणालो, फौजदारांनी लिहिलंय तेवढं पुरे. आणि तिथंच, दाराच्या फळीवर कागद टेकवून सही केली.

कुमुदला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. मला त्या खोलीत पाऊल टाकवत नव्हतं. हे तुला सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून चालेल असं मला तेव्हा वाटलं होतं, एवढंच. हौसाचं प्रेत त्याच संध्याकाळी जाळलं. आता उघडून बघायला काही नाही.

आज सकाळी सयाजी घरी आला. गुळाची ढेप घेऊन, जावई सासुरवाडीला यावा तसा. त्याची आई धोंडुबाई बाहेर मोटारीत बसून होती. मला म्हणाला, डाक्टर, मागच्या खेपेला लिवलासा तसंच लिवा की, तुमास्नी काय नवीन हाय व्हय? मग हळूच म्हणाला, ही मारली म्हणून लिवलं, तर लोक पयल्या बायकोचं इचारतील. मग तुमी काय सांगणार? माणूस मूर्ख असेल असं मी फेट्याकडे बघून ठरवलं होतं. मूर्ख मीच. त्यानं मला तीन वर्षांपूर्वीच बांधून ठेवलंय, आणि दोरी मीच वळून दिली.

ढेप मी रस्त्यात फेकली. शौर्य तेवढ्यावरच संपलं. खरा अहवाल लिहिला तर नोकरी जाईल. कदाचित मलाच कोर्टात उभं करतील. मी काय करू?

तुझा,
त्र्यंबक

॥ श्री ॥
कुरुंदवाड,
२६ जून १९७४

चि. त्र्यंबक यास,
आशीर्वाद.

एक्कावन्न वर्षांचा घोडा बहिणीला विचारतो, मी काय करू! लहानपणी परकराला धरून चालायचास, ते बरं होतं. तेव्हा निदान शेंबूड तरी तुझा तू पुसायचास. लिही, जे दिसलं ते. आनसाचंही लिही आणि हौसाच्या वेळी पाहिलं नाही, हेही लिही. नोकरी गेली तर इथं ये, मुलांना शास्त्र शिकव. बेडकं उघडताना तरी दारात उभा राहू नकोस.

आता माझं. तुझी सालं काढायला मी मोकळी नाही, हे तुझं पत्र वाचल्यावर कळलं.

तानाबाईला अक्षर येत नाही. तो कागद आला तेव्हा तिनं तो माझ्याकडेच आणला, मास्तरीणबाई खोटं वाचणार नाहीत म्हणून. मी सगळा वाचून दाखवला. खाली तुझी सही दिसली, तिथं थांबले. कोणी लिवलंय, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, सरकारी डॉक्टरनं. ती म्हणाली, सरकारी म्हंजे खरंच असंल. पुढं गावात लोक बोलायला लागले, की पोहणारी पोर बुडत नसते, तिनं जीव दिला असणार, काहीतरी तोंड काळं केलं असणार. तानाबाईनं तीन वर्षं ते ऐकलं. मीही ऐकलं, आणि रोज शाळेत जाऊन मुलींना सत्यावर निबंध लिहायला लावले.

काल तिच्या घरी जाऊन सांगितलं. सही माझ्या भावाची आहे आणि मला ते ठाऊक होतं, दोन्ही. ती जोंधळे निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. निवडता निवडता एवढंच म्हणाली, की तुमी आता घरला जावा, बाई.

अहवाल पाठवलास की कळव. त्याआधी लिहू नकोस.

आक्का

कोल्हापूर,
२० ऑगस्ट १९७५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहायला लावलेल्या अहवालावरून उभ्या राहिलेल्या खटल्याचा काल निकाल लागला. आनसाच्या खुनाबद्दल सयाजीला जन्मठेप. धोंडुबाई पुराव्याअभावी सुटली, आणि कोर्टाच्या पायरीवरच माझ्या नावानं बोटं मोडून गेली. हौसाच्या बाबतीत कोर्टाला काही करता आलं नाही. राख बोलत नाही, आणि तिच्यासाठी बोलायला सरकारनं नेमला होता तो मीच.

सयाजीच्या वकिलानं मला दीड तास सोललं. हौसाचा अहवाल माझ्याच हातात देऊन मोठ्यानं वाचायला लावला. मग विचारलं, हा खोटा की आताचा खोटा? मी म्हणालो, हा. म्हणजे डॉक्टर खोटे अहवाल लिहितात तर, असं तो म्हणाला. मी म्हणालो, लिहिला आहे. लोक खो खो हसले. न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं, पण ते हसू माझ्या वाट्याचंच आहे, असं मला वाटलं.

वाचवलं ते गुंडूनं. वकिलानं त्याला हिणवलं, की चौथी नापास माणसाला गळ्यातली हाडं काय कळणार. गुंडू शांतपणे म्हणाला, शिकल्याली माणसं दारात हुबी ऱ्हात्यात, वकीलसाहेब, आत मीच असतो की. त्यानंतर कोणी हसलं नाही. दोन्ही वेळी काय दिसलं, ते त्यानं सगळं सांगितलं.

आज बडतर्फीचा हुकूम हातात पडला. त्यात माझ्या नावाची दोनदा चूक आहे. या खात्याला माणूस घालवतानासुद्धा धड लिहिता येत नाही.

तानाबाईला निकाल तूच सांग. मला तिच्यासमोर उभं राहायला तोंड नाही.

नमस्कार घे. माझ्यात जो भाऊ उरलाय, त्याच्यावर जमेल तेवढी माया ठेव.

त्र्यंबक

कुरुंदवाड,
२७ ऑगस्ट १९७५

(हे पत्र तानाबाईचं आहे. ती सांगते तसं लिहिते आहे. एकही शब्द गाळलेला नाही. – आक्का)

डाक्टर त्र्यंबक यास्नी तानाबाईचा रामराम.

निकाल कळला. तुमची नोकरी गेली म्हनून मास्तरीणबाई रडल्या. मी न्हाय रडली. माझी लेक गेली तवा तुमी रडला न्हाय, फिटंफाट.

तुमी कोर्टात खरं बोललासा, त्येचं लोक लई कवतिक करत्यात. मला त्येचं नवल वाटतं. खरं बोलायला सरकार पगार देत हुतं न्हवं? आमी बाया फुकट बोलतो तर आमचं कोन ऐकत न्हाय.

तुमाला तोंड न्हाय म्हनं माझ्याम्होरं यायला. तोंडाचं काय काम न्हाय, डोळं घिऊन या.

निकालाचं कळल्यापास्नं माझ्या दारात बाया याय लागल्यात. शिरोळची चिमणाबाई आली, तिची लेक इस्टू भडकून भाजून मेली. झुंबरबाई आली, तिची हिरीत गेली. आनखी तिघी आल्या. समद्यांनी कागद लुगड्याच्या पदरात बांधून आनल्यात. मास्तरीणबाई वाचतो म्हनल्या. मी नगं म्हनलं. तुमी वाचायचं. समद्यांच्या म्होरं बसून, खाली कुनाची सही हाय त्येबी वाचायचं. तुमची असंल तर तुमची म्हनायचं. आन् त्यातलं खरं किती, खोटं किती, ते एकेकीला सांगायचं. मग कुटं अर्ज करायचा त्यो तुमीच लिवायचा. आता तुमाला दुसरं काम तरी काय हाय?

सोमवारी या. जेवान घालीन, उपाशी माणसाला वाचवत न्हाय. पर माया बिया काय मागू नगा, ती तुमच्या भनीकडनं घ्या.

पाच कागद हायती.

तानाबाई, हिचा अंगठा