पत्र्याच्या डब्यातले श्रोते

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली आपणहूनच वाकलेली असते, तरी तो आदर समजावा.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं असेल, तर चार दिवस उसनं पाठवावं. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात दाराची घंटा वाजली की मी पडद्याआड लपतो, आणि आमची घंटा बिघडल्यामुळे दारात कोणी नसतानाही वाजते.

या भयाचं मूळ तुझी भावजय. म्हणजे ती नव्हे, तिचा अल्बम. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना सूर लावायला शिकवल्यावर यंदा तिने स्वतःची आठ गाणी काढली, हे तुला ठाऊकच आहे. पण अल्बम चालला की पडला हे ठरवतात कसं, ते ठाऊक नसेल. पूर्वी दुकानदार ‘संपल्या, नव्या येतील’ म्हणाला की कॅसेट चालली. आता गाण्यांच्या कंपनीचा एक तरुण (घरात आम्ही त्यांना आकडेमहाराज म्हणतो) हातातल्या फोनकडे बघून निकाल देतो. त्यांनी सांगितलं, की गाणं फोनवर अर्धं मिनिट वाजलं की ते एकदा ऐकलं गेलं असं धरतात. व्याख्या दिसली की तिच्यात अव्याप्ती-अतिव्याप्ती (काय सुटलं, काय जादा शिरलं) शोधायची, ही माझी पाठशाळेपासूनची खोड. मी तत्काळ ताडलं, की या व्याख्येत वाजवणारा आहे, ऐकणारा कुठेच नाही.

मी तेवढ्यावरच थांबलो असतो. पण पहिल्या महिन्याचा आकडा आला, तो आपल्या नातेवाइकांपेक्षाही कमी. सौ.ने तंबोऱ्याची गवसणी धुतली, वाळवली, तिला इस्त्री केली, आणि तंबोरा आत घालून नाडी अशी आवळली, की पुन्हा सोडायचीच नसावी. ताई, मी खरा घाबरलो तो तिथे. ती ओरडली असती तर सोपं होतं.

पुढचं तू जाणतेसच, कारण तूही कटात आहेस. घरातले जुने फोन, माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीतले, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा, इस्त्रीवाल्याचा, सगळ्यांवर अल्बम अखंड सुरू. आवाज पूर्ण बंद ठेवला तरी मोजणी चालते हे कळल्यावर तर आम्ही सारे निर्गुणाचे उपासक झालो. माझे फोन माळ्यावर पत्र्याच्या डब्यात गातात. तुझा, तू कळवल्याप्रमाणे, चादरींच्या कपाटात.

आणि अल्बम यशस्वी झाला. आकडेमहाराज स्वतः घरी आले. म्हणाले, “मॅडम, असं मी कधी पाहिलेलं नाही. एखादं गाणं नाही आवडलं, तर लोक पुढे ढकलतात. तुमच्या श्रोत्यांनी आठांतलं एकही मधे सोडलेलं नाही.” (डबा कसा सोडेल?) सौ. हळूच म्हणाली, “कुणीच नाही सोडलं?” त्याच संध्याकाळी गवसणीची नाडी सुटली, आणि तेव्हापासून मी दाराची कडी दोनदा तपासतो.

कारण महाराजांनी सर्वांत जास्त श्रोते कुठे आहेत तेही शोधलं. आमची गल्ली आणि तुझी इमारत. येत्या रविवारी तुमच्या इमारतीच्या सभागृहात सौ.च्या श्रोत्यांशी गप्पा ठेवल्यात. त्यावरून दुसऱ्या अल्बमचं ठरणार. तिने न्हाव्याला आधीच विचारलं, कुठलं गाणं आवडलं. तो म्हणाला, “पाचवं, वहिनी. काय ठेका आहे.” ती म्हणाली, “पाचव्याला ठेका नाही हो, नुसता तंबोरा आहे.” हे त्याने मला वस्तरा माझ्या गळ्यावर असताना सांगितलं. मलाही ती रोज विचारते, “पाचवं ऐकलंत?” मी “निर्दोष” म्हणतो. एका शब्दात सुटका होते.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भयभीत धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. रविवारच्या आत फोन कपाटातून काढ आणि इमारतीतल्या सगळ्यांना अल्बम ऐकव. आवाजासकट. मीही आता बसतो.

ता. क. २. ऐकला. पाचव्या गाण्यात सूर वर चढत जातो, थांबतो, आणि त्या शांततेत दार करकरतं. मग स्पष्ट माझा आवाज येतो: “अगं, माझा चष्मा कुठाय?” (ते तिने घरीच ध्वनिमुद्रित केलं होतं.) ती किंचित हसते आणि सूर पुन्हा उचलते. याच गाण्याला मी रोज निर्दोष म्हणत होतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात ती आत आली. माझा चेहरा पाहून म्हणाली, “ऐकलंत वाटतं.” मग म्हणाली, “कंपनीवाले ते वाक्य कापायला सांगत होते. मी राहू दिलं. म्हटलं, घरात कुणी ऐकलं तर बोलेल तरी.” मी पाकीट पुन्हा उघडलं. न्हाव्याच्या ठेक्यावरून तिला संशय आला, माळ्यावर डबा सापडला, आणि ती हकीकत तिने महाराजांना कालच कळवली आहे. रविवारी गप्पा रद्द. ती समोर बसून आठही गाणी गाणार. कुठल्या गाण्याला कोण उठून जातं ते तिला बघायचंय. जाणारा निदान ऐकून तरी जातो, म्हणाली. तेव्हा भावोजींना सांग, कंटाळा आला तर खुशाल उठा. पाचव्याला मात्र नको. ते वाक्य आता गाण्यातलंच आहे, म्हणून मी ते वेळेवर, उभं राहून, सगळ्यांसमोर म्हणायचं, असं ठरलंय. रक्तदाबाचं यंत्र इकडे पाठवू नकोस. पहिल्या रांगेतच ठेव.